तेलात उतरलेले पेट्रोल : एका दोषाचे निदान

जबलपूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता शहराच्या दक्षिणेस तिलवारा येथे नर्मदा ओलांडतो. १९५६ सालापर्यंत ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती, त्यामुळे ही वाट मराठी माणसाच्या जुन्या ओळखीची आहे. १९३९ साली त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जन तिलवारा घाटावर झाले. दर वर्षी मकर संक्रांतीला येथे मोठी जत्रा भरते. शहराला यंत्रांचीही सवय आहे. १९०४ साली तेथे तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला आणि १९६९ साली सैन्यासाठी वाहने बनविणारा कारखाना निघाला.

या रस्त्यावरून रोज पहाटे शहराकडे जाणाऱ्या वाहनांत दूधवाल्यांच्या मोटारसायकली पुष्कळ असतात. अशा एखाद्या दूधवाल्याचे उदाहरण घेऊ. जानेवारीचा महिना आहे. पहाटेचे तापमान दहा अंश सेल्सियसच्या आसपास उतरले आहे. मोटारसायकल रात्रभर अंगणात उभी होती. निघण्यापूर्वी तो सवयीप्रमाणे तेलाची पट्टी काढून पाहतो. महिन्याभरापूर्वी तेल वरच्या खुणेच्या किंचित खाली होते. आता ते खुणेच्या वर चढलेले आहे. मधल्या काळात तेल कोणीही घातलेले नाही.

हे पाहून एखाद्याला आनंद होईल. एंजिन तेल खात नाही, उलट वाढविते, मग तक्रार कसली? परंतु कोणतेही एंजिन तेल निर्माण करीत नाही. पातळी वाढली असेल, तर तेलात तेल नसलेले काहीतरी मिसळले आहे. ते पाणी असू शकेल किंवा पेट्रोल असू शकेल. कदाचित पातळी मोजण्यातच चूक झाली असेल. या तिन्ही शक्यतांतून खरी कोणती हे ठरविणे म्हणजे निदान. ते वेळीच झाले, तर खर्च तेलाच्या एका डब्याचा आणि एखाद्या लहानशा सुट्या भागाचा येतो. न झाले, तर त्या माणसाच्या उपजीविकेचे साधनच बंद पडण्याची वेळ येते.

तेल काय करते

धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगर-दऱ्यांसारखे असतात. ते एकमेकांवर कोरडे घासले गेले, की उंचवटे एकमेकांत अडकतात, तापतात आणि फाटतात. बोशाँ टॉवर या इंग्रज अभियंत्याने १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. बेअरिंग फिरत असताना त्यातील तेलावर मोठा दाब निर्माण होतो, असे त्याला आढळले. तेलासाठी ठेवलेल्या छिद्रात बसविलेले बूच तेलाच्या दाबाने बाहेर येऊ लागले. ऑस्बोर्न रेनल्ड्स याने १८८६ साली या घटनेचा गणिती उलगडा केला. फिरणारा आस आपल्याबरोबर तेलाला अरुंद फटीत ओढून नेतो, तेथे तेलाचा पातळ थर तयार होतो आणि आस त्या थरावर तरंगतो. धातूला धातूचा स्पर्श होतच नाही.

हा थर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांइतकाच जाड असतो. तो टिकेल की तुटेल, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : आसाची गती, त्यावरील भार आणि तेलाची श्यानता. श्यानता म्हणजे द्रवाचा दाटपणा, त्याच्या वाहण्याला आतूनच होणारा विरोध. मधाची श्यानता पाण्याहून जास्त असते. पेट्रोलची श्यानता पाण्याहूनही कमी असते.

मोटारसायकलीच्या चार-फेरी एंजिनात तेलावरचा भार मोटारीपेक्षा अधिक असतो. मोटारीत गिअरपेटीला स्वतंत्र तेल असते. बहुतेक मोटारसायकलींत मात्र एकच तेल भुजादंड, पिस्टन, झडपांची यंत्रणा, गिअर आणि क्लच या सर्वांना पुरवावे लागते. शिवाय तेल थोडे असते. शंभर घनसेंटिमीटरच्या एंजिनात ते साधारण एक लिटर किंवा त्याहून थोडे कमी भरते. त्यामुळे थोडीशी भेसळही त्याच्या गुणधर्मांत मोठा फरक पाडते.

भारतीय हवामानात पुष्कळ वर्षे वापरात असलेल्या २०डब्ल्यू-४० या प्रतीच्या तेलाचे उदाहरण घेऊ. या प्रतीच्या तेलाची १०० अंश सेल्सियस तापमानातील श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असावी लागते. अशा १४ सेंटिस्टोकच्या तेलात पाच टक्के पेट्रोल मिसळले, तर हिशेबाने ती सुमारे १२ पर्यंत उतरते, म्हणजे चाळीस प्रतीचे तेल तिसाच्या प्रतीत जाते. दहा टक्के मिसळले, तर ती १० च्या आसपास येते. ज्या एंजिनाची रचना दाट तेल गृहीत धरून झालेली असते, त्यात असे तेल भार असह्य झाल्यावर फटीतून निसटते आणि धातू धातूवर टेकतो.

पेट्रोल तेलापर्यंत कसे पोहोचते

पेट्रोलला तेलापर्यंत जाण्याच्या वाटा दोन आहेत. एक हळूहळू जाण्याची, दुसरी एका रात्रीत जाण्याची.

पहिली वाट एंजिन चालू असतानाची. थंड एंजिनात पेट्रोलची पूर्ण वाफ होत नाही. त्याचे बारीक थेंब सिलिंडरच्या भिंतीवर बसतात, तेथील तेल धुऊन काढतात आणि पिस्टनच्या रिंगांमधून खाली क्रँककेसमध्ये उतरतात. चोक ओढून ठेवलेला असेल, हवेची गाळणी धुळीने कोंडली असेल, कार्ब्युरेटरचे मिश्रण गरजेपेक्षा गडद असेल किंवा प्लग अधूनमधून ठिणगी चुकवीत असेल, तर असे न जळलेले पेट्रोल वाढते. रिंगा झिजलेल्या असतील, तर त्याला खाली जाण्यास वाटही रुंद मिळते.

निरोगी एंजिनातही हे थोड्या प्रमाणात सतत घडते. एंजिन तापले आणि तेल ८०–९० अंशांवर काही काळ राहिले, की पेट्रोलचा हलका भाग वाफ होऊन श्वसननळीतून निघून जातो. आत येणारे पेट्रोल आणि उडून जाणारे पेट्रोल यांचा असा हिशेब एंजिनात चालू असतो. दूधवाला थंड एंजिन सुरू करतो, एका दारापाशी थांबून ते बंद करतो, पुन्हा सुरू करतो, दोनशे मीटर जातो. त्याचे एंजिन पुरते तापतच नाही. जमा वाढते आणि खर्च घटतो. संक्रांतीच्या जत्रेत गर्दीतून मुंगीच्या चालीने सरकणाऱ्या मोटारसायकलीचीही हीच गत असते. नागपूरपर्यंत सलग प्रवास करणाऱ्या त्याच जातीच्या मोटारसायकलीचे तेल मात्र शुद्ध राहते. तरीही एका लांब फेरीने सर्व पेट्रोल उडून जाते असे समजू नये. पेट्रोल हे अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. त्यातील काही द्रव्ये ३५ अंशांच्या आसपास उकळू लागतात, तर सर्वांत जड द्रव्यांना २०० अंशांहून अधिक तापमान लागते. ही जड द्रव्ये तेलात मागे राहतात.

दुसरी वाट एंजिन बंद असतानाची. कार्ब्युरेटरच्या वाटीत एक तरंगता असतो, त्याला मिस्त्री फ्लोट म्हणतात. वाटी भरली, की फ्लोट वर येतो आणि त्याला लागलेली सुई पेट्रोलची वाट बंद करते. सुईच्या टोकाशी धुळीचा एक कण अडकला, टोक झिजले किंवा फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरले, तर ही वाट पूर्ण बंद होत नाही. टाकी वर आहे, कार्ब्युरेटर खाली आहे आणि पेट्रोलचा कॉक उघडाच राहिला आहे. वाटी भरून वाहू लागते. जादा पेट्रोल बाहेर सोडणारी नळी मोकळी असेल, तर ते जमिनीवर ठिबकते आणि मालकाच्या लक्षात येते. ती नळी चिखलाने बुजली असेल किंवा रचनेमुळे पेट्रोलला आतली वाट सोपी असेल, तर ते आगमनमार्गातून सिलिंडरमध्ये आणि तेथून रिंगांच्या फटींतून तेलात उतरते.

ही गळती किती लहान असली तरी पुरते, हे एका साध्या हिशेबावरून दिसेल. पेट्रोलचे सुमारे ५० थेंब मिळून एक घनसेंटिमीटर होते असे धरू. दर दहा सेकंदांना एक थेंब गळला, तर आठ तासांत २,८८० थेंब, म्हणजे सुमारे ५८ घनसेंटिमीटर पेट्रोल जाते. एक लिटर तेलात हे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास होते. दहा सेकंदांना एक थेंब ही गळती डोळ्यांना क्षुल्लक वाटते, पण एका रात्रीत ती तेलाची एक प्रत खाली आणते.

काही मोटारसायकलींच्या पेट्रोल कॉकमध्ये रबरी पडदा असतो. एंजिनाच्या ओढीने तो उघडतो आणि एंजिन बंद पडताच मिटतो. हा पडदा फाटला, तर पेट्रोल ओढीच्या बारीक नळीतूनच आगमनमार्गात जाते. तेव्हा कार्ब्युरेटर कितीही साफ केला, तरी गुण येत नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या उत्सर्जन मानकांनंतर नव्या मोटारसायकलींत बहुतांशी कार्ब्युरेटरच्या जागी पेट्रोलची पिचकारी आली. पंप बंद असताना तेथे पेट्रोल आपल्या भाराने वाहत नाही, म्हणून रात्रीच्या गळतीचा धोका पुष्कळ कमी झाला. परंतु पिचकारीचे तोंड गळू लागले किंवा एंजिनाचे तापमान सांगणारा संवेदक खोटे तापमान सांगू लागला, तर गरम एंजिनालाही थंड समजून जादा पेट्रोल दिले जाते आणि पहिली वाट पुन्हा उघडते.

फसवी लक्षणे

कोणतेही एक लक्षण पाहून निर्णय देऊ नये, हा निदानाचा पहिला नियम आहे.

तेलाच्या काळेपणावरून भेसळ ओळखता येत नाही. चांगले तेल काजळी आणि मळ आपल्यात धरून ठेवते, म्हणून ते काळे होते. ते काळे होणे हे त्याच्या कामाचेच चिन्ह आहे.

पातळी हे महत्त्वाचे लक्षण आहे, पण ती नीट मोजली तरच. मोटारसायकल सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर सरळ उभी असली पाहिजे. घाटाच्या उतारावर किंवा बाजूच्या स्टँडवर घेतलेल्या मापाला अर्थ नाही. पट्टी आटे फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे त्या मोटारसायकलीच्या पुस्तिकेत दिलेले असते, तसेच करावे. तापमानही पाहावे लागते. वंगण तेल दर अंशाला सुमारे ०.०७ टक्क्याने फुगते. एक लिटर तेल ६० अंशांनी तापले, तर ते चाळीस घनसेंटिमीटरहून थोडे अधिक वाढते, म्हणजे जवळजवळ पेट्रोलच्या धोकादायक भेसळीइतकेच. एके दिवशी थंड आणि दुसऱ्या दिवशी गरम तेल मोजणाऱ्याला नसलेला रोग दिसेल. जुन्या बुलेटमध्ये तेलाची टाकी वेगळ्या कप्प्यात असते आणि गाडी उभी असताना तेल तिथून हळूहळू खालच्या भागात झिरपते. तेथे एंजिन थोडे चालवून मगच मोजलेली पातळी खरी.

पाणी हा दुसरा संशयित. एक लिटर पेट्रोल जळले, की वाफेच्या रूपाने जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक धुराड्यावाटे बाहेर जाते, पण थंड एंजिनात थोडे तेलातही उतरते. पाणी तेलात विरघळत नाही, त्याचे दुधाळ लोणी बनते. तेल भरण्याच्या झाकणाखाली पिवळट-पांढरा लेप दिसला, तर तो पाण्याचा. पेट्रोल तेलात पूर्ण विरघळते. त्याने तेल दुधाळ होत नाही, थरही वेगळा पडत नाही. म्हणूनच डोळ्यांना ते दिसत नाही.

तिसरा फसवा साक्षीदार तेलाचा पातळपणा. वापरलेले तेल नव्यापेक्षा पातळ लागले, की पेट्रोल मिसळले असे अनेक जण समजतात. मात्र त्याला दुसरेही कारण असते. तेल गरम झाल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळीचे रेणू मिसळलेले असतात. गिअरच्या दातांत सापडून हे रेणू तुटतात आणि तेल कायमचे पातळ होते. मोटारसायकलीत गिअर आणि एंजिन यांचे तेल एकच असल्याने हे अधिक घडते. पेट्रोलने आलेला पातळपणा आणि तुटलेल्या रेणूंनी आलेला पातळपणा वेगळा कसा ओळखावा, ही या निदानातील खरी गाठ आहे.

घरच्या घरी परीक्षा

नमुना सकाळी, एंजिन सुरू करण्यापूर्वी घ्यावा. तो स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत भरून घट्ट बूच लावावे. उघड्या भांड्यात ठेवलेल्या नमुन्यातून पुरावाच उडून जातो. त्याच प्रतीच्या नव्या तेलाचा दुसरा नमुना शेजारी ठेवावा. शक्य असल्यास त्याच जातीच्या निरोगी मोटारसायकलीतील वापरलेल्या तेलाचा तिसरा नमुनाही घ्यावा. तुलनेवाचून परीक्षा नाही.

पहिली परीक्षा वासाची. बाटल्या काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवाव्यात, चुलीवर कदापि नाही. मग बूच काढून एकामागून एक वास घ्यावा. वापरलेल्या तेलाला पेट्रोलचा पुसट वास असणे स्वाभाविक आहे. तिसऱ्या नमुन्याशी तुलना करायची ती यासाठीच. ज्या तेलाला पेट्रोलच्या टाकीसारखा तीव्र वास येतो, त्याविषयी मात्र फारशी शंका उरत नाही.

दुसरी परीक्षा प्रवाहाची. तिन्ही नमुने एका खोलीत तासभर ठेवून एका तापमानाला आणावेत. काचेच्या तुकड्यावर एका रेषेत प्रत्येकाचा एक सारखा थेंब ठेवावा आणि काच तिरपी करावी. कोणता थेंब किती वेळात खाली येतो ते पाहावे. येथे फक्त पातळपणा कळेल, त्याचे कारण कळणार नाही.

तिसऱ्या परीक्षेत ती गाठ सुटते. संशयित तेल पसरट बशीत अगदी पातळ थर होईल इतके ओतावे आणि दिवसभर वाऱ्यावर, उन्हात, आगीपासून दूर ठेवावे. संध्याकाळी ते सकाळच्या तापमानाला येऊ देऊन प्रवाहाची परीक्षा पुन्हा करावी. बाटलीत बंद ठेवलेला त्याच तेलाचा अंश तुलनेसाठी हाताशी असावा. बशीतील तेल दाट झालेले आढळले, तर त्यातून काहीतरी उडून गेले आहे. दुधाळपणा नसेल, तर ते पेट्रोलच. तेल सकाळइतकेच पातळ राहिले, तर पातळपणा कायमचा आहे, रेणू तुटले आहेत आणि पेट्रोलवर आळ घेण्याचे कारण नाही. सोनाराचा बारीक काटा मिळाला, तर बशी दोनदा तोलून किती वजन घटले तेही कळते.

टीपकागदावर थेंब टाकण्याची पद्धतही मिस्त्री वापरतात. मधला काळा डाग काजळीचा, त्याभोवतीचे कडे तेलाचे असते. बाहेर रुंद, फिकट, पारदर्शक कडे लवकर पसरले, तर पेट्रोलचा संशय घ्यावा. ही परीक्षा संशय वाढविते किंवा घटविते, त्याहून अधिक काही करीत नाही.

तेलात भिजवलेली चिंधी काडीने पेटवून पाहण्याची पद्धत मात्र पूर्णपणे टाकून द्यावी. त्यात निदानापूर्वीच अपघात होण्याचा संभव असतो.

प्रयोगशाळा काय करते

प्रयोगशाळेतील परीक्षांचे तत्त्व यापेक्षा फार वेगळे नाही, माप मात्र काटेकोर आहे. काचेच्या केशनळीतून ठरावीक तापमानाला तेल किती वेळात वाहते, यावरून श्यानता सेंटिस्टोकमध्ये काढतात. दुसरी परीक्षा फ्लॅश पॉइंटची. तेल हळूहळू तापवीत त्याच्या पृष्ठाजवळ ठराविक अंतराने लहान ज्योत नेतात. ज्या तापमानाला वाफा क्षणभर लखकन पेटतात, तो फ्लॅश पॉइंट. चांगल्या एंजिन तेलाचा तो २०० अंशांहून वर असतो आणि पेट्रोलचा शून्याखाली सुमारे ४० अंश असतो. थोडेसे पेट्रोलही तेलाचा फ्लॅश पॉइंट झपाट्याने खाली आणते. श्यानता उतरली आणि फ्लॅश पॉइंटही उतरला, तर पेट्रोल. श्यानता उतरली, पण फ्लॅश पॉइंट तसाच राहिला, तर तुटलेले रेणू. बशीतील तेलाने सांगितलेली गोष्टच येथे अंकांत मिळते. नेमके प्रमाण हवे असेल, तर वायुवर्णलेखन पद्धतीने तेलातील घटक वेगळे करून मोजतात. सामान्यतः दोन टक्क्यांपर्यंतचे पेट्रोल सावधगिरीचा इशारा मानतात. चार-पाच टक्क्यांवर तेल बाद ठरवितात.

कारणाचा शोध

तेलात पेट्रोल आहे, एवढे कळले म्हणजे रोग कळला, कारण नव्हे. केवळ तेल बदलून गाडी परत देणारा मिस्त्री आठवड्याने तेच गिऱ्हाईक पुन्हा दारात पाहतो.

प्रथम वाट ओळखावी. नवे तेल भरून पातळीची खूण करावी. दोन-तीन रात्री पेट्रोलचा कॉक काळजीपूर्वक बंद ठेवावा आणि वापर नेहमीप्रमाणे चालू द्यावा. पातळी आणि वास यांत फरक पडला नाही, तर दोष रात्रीच्या गळतीचा. कॉक बंद ठेवूनही पेट्रोल वाढत राहिले, तर दोष एंजिन चालतानाचा, किंवा कॉक स्वतःच पूर्ण मिटत नाही. त्याची नळी सुटी करून खाली बाटली धरली, की ही शंका फिटते.

रात्रीच्या गळतीचा संशय पक्का झाल्यावर नव्या तेलाचा बळी देऊन खात्री करून घेण्याचे कारण नाही. कार्ब्युरेटर एंजिनापासून सोडवावा, पेट्रोलची नळी त्याला जोडलेलीच ठेवावी, तो सरळ धरून मोकळ्या हवेत कॉक उघडावा आणि त्याच्या तोंडातून थेंब येतो का ते पाहावे. आला, तर सुईचे टोक, तिची बैठक, फ्लोटची उंची आणि जादा पेट्रोलची नळी हे सर्व तपासावे. फ्लोट कानाशी हलवावा. आत पेट्रोल शिरले असेल, तर खळखळ ऐकू येते. पडद्याचा कॉक असेल, तर ओढीची नळी काढून पाहावी. ती कोरडीच असली पाहिजे. तीत पेट्रोलचा ओलावा सापडला, की पडदा फाटला असे समजावे.

दोष चालतानाचा असेल, तर प्लगपासून सुरुवात करावी. कोरडी काळी काजळी गडद मिश्रण दाखविते. ओला, पेट्रोलने माखलेला प्लग ठिणगी चुकत असल्याचे सांगतो. मग हवेची गाळणी आणि चोकची तार पाहावी. चोकचा खटका परत आला, तरी आतली पट्टी अर्धवट अडकलेली असू शकते. शेवटी सिलिंडरचा दाब मोजावा. दाब कमी आला, तर प्लगच्या भोकातून थोडे तेल घालून पुन्हा मोजावा. तेलाने दाब वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही, तर झडपा तपासाव्यात. स्वस्त आणि सोप्या शक्यता आधी, एंजिन उघडण्याचा निर्णय सर्वांत शेवटी, हा क्रम सोडू नये.

उपचार आणि धोके

किक बसत नसेल, तर ती जोराने मारू नये. शंभर घनसेंटिमीटरच्या आणि नऊपट दाबाच्या एंजिनात पिस्टन वर पोहोचल्यावर त्याच्या माथ्यावर केवळ साडेबारा घनसेंटिमीटर जागा उरते. तेवढ्याहून अधिक द्रव पेट्रोल तेथे साठले असेल, तर पिस्टन वर जाऊच शकत नाही, कारण द्रव दाबला जात नाही. बळाने मारलेल्या किकने किंवा बटनाने पिस्टनचा दांडा वाकू शकतो. अशा वेळी विजेची किल्ली बंद करावी, प्लग काढावा आणि एंजिन हळूहळू हाताने फिरवावे. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडेल, म्हणून जवळ विडी, दिवा किंवा ठिणगी असता कामा नये.

तेल बदलण्यापूर्वी एंजिन थोडे तापवावे, असा सर्वसाधारण नियम आहे. येथे तो लागू नाही. पेट्रोलमिश्रित तेलावर एंजिन सुरूच करू नये. पातळ झालेले तेल तसेही सहज निथळते. आधी कारण दूर करावे, मग तेल आणि त्याची गाळणी बदलावी. मिश्रण फार असेल, तर नव्या तेलावर एंजिन थोडा वेळ चालवून ते तेलही काढून टाकावे.

काढलेले तेल नर्मदेत, नाल्यात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. वापरलेले तेल भारतात घातक कचऱ्याच्या नियमांखाली येते. पेट्रोल मिसळले असेल, तर ते ज्वलनशीलही असते. बंद डब्यात भरून, त्यावर तसे लिहून, ते जुने तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडे द्यावे.

जाणूनबुजून केलेली भेसळ

तेलात पेट्रोल मिसळणे हा नेहमीच दोष होता असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डाकोटासारख्या विमानांच्या एंजिनांत वैमानिक हे मिश्रण मुद्दाम करीत. कडाक्याच्या थंडीत तेल इतके घट्ट होई, की सकाळी एंजिन फिरेना. म्हणून रात्री एंजिन बंद करण्यापूर्वी मोजून पेट्रोल तेलात सोडले जाई. सकाळी पातळ तेलावर एंजिन सहज सुरू होई आणि तापल्यावर पेट्रोल उडून जाऊन तेल पूर्ववत दाट होई. तेथे प्रमाण मोजलेले होते आणि एंजिन पूर्ण तापेल याची खात्री होती. दूधवाल्याच्या मोटारसायकलीत या दोन्ही गोष्टी नसतात. भेसळ तीच असली, तरी तेथे ती उपाय होती आणि येथे ती रोग आहे.

अलीकडे या प्रश्नाला एक नवे अंग जोडले गेले आहे. भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री २०२३ साली सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ती देशभर पसरली. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणून थंड एंजिनात ते द्रवरूपात राहण्याचा संभव वाढतो. ते पाण्यातही मिसळते आणि त्याला जुळवून न केलेल्या जुन्या रबरी भागांना फुगविते. जुन्या कार्ब्युरेटरची सुई, पडदा आणि नळ्या यांच्याकडे पूर्वीपेक्षा अधिक वेळा पाहावे लागेल.

तिलवाऱ्याच्या त्या दूधवाल्याने पातळी वाढलेली पाहून पट्टी पुसून परत लावली असती आणि किक मारली असती, तर काही दिवस काहीच कळले नसते. मग एके दिवशी एंजिनातून बारीक ठकठक ऐकू आली असती आणि तोपर्यंत बेअरिंग गेलेले असते. त्याने पट्टी नाकाशी नेली आणि कॉक पाहिला. तो रात्रभर उघडाच होता. रात्री गाडी लावताना कॉक बंद करावयाचा आणि सकाळी निघण्यापूर्वी पट्टी पाहावयाची, एवढी सवय ठेवली, तर यातील बहुतेक दोष वेळेवर सापडतात.